कळपात एकही मेंढी न वाढवता मेंढीपालनात जास्त पैसे कसे सुटतील? मेंढा निवडण्यापासून कोकरं जगवण्यापर्यंत

आमच्याकडं माणदेशात कुणाच्या हातात चार पैसे आले की तो पहिलं काय करतो, तर अजून दहा मेंढ्या घेतो. आमच्या घरानंही वर्षानुवर्षं तेच केलं. वीसच्या तीस केल्या, तीसच्या पन्नास, आणि चारा मात्र तेवढाच, रानं तेवढीच, राखायला माणसं तर उलट कमीच झाली. वर्षाच्या शेवटी हिशोब केला की हातात पहिल्याइतकेच पैसे. म्हणून हा लेख वीस-तीस मेंढ्या घरी, म्हणजे थोडं चरायला थोडं गोठ्यात, असं पाळणाऱ्यांसाठी आहे. दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या मोठ्या वाड्यांचं, म्हणजे फिरस्त्या मेंढपाळांच्या कळपांचं, गणित वेगळं असतं, त्यावर मधे एके ठिकाणी बोलतो.

आधी आपण सगळे जी चूक करतो ती सांगतो. व्यापारी दारात येतो, कळपाकडं बघतो आणि सगळ्यात टंच, लांब पाठीचं, उंच कोकरू उचलतो. आपणही खूश, कारण हजार रुपये जास्त मिळाले. असं चार-पाच वेळा झालं की मागं जे उरतं, जे कुणी घेतलं नाही, ते वाढतं आणि तेच पुढं कळपाला लागतं. म्हणजे ज्वारीचं चांगलं कणीस बाजारात विकायचं आणि किडकं बियाणाला ठेवायचं, असला प्रकार. ज्वारीत हे कुणी करणार नाही, मेंढरात मात्र पिढ्यानपिढ्या करतो आणि वर म्हणतो की पूर्वीसारखी मेंढरं राहिली नाहीत.

आमच्याकडं तर त्याहून वाईट झालं होतं. घरचाच एक मेंढा, दिसायला बरा, तो पाच वर्षं कळपात राहिला. म्हणजे तो त्याच्या मुलींना लागला, मग नातींना लागला. तिसऱ्या-चौथ्या वर्षी कोकरं बारीक जन्मायला लागली, एकाचा खालचा जबडा आखूड, काही दोन दिवसांत मेली. आम्ही म्हणत होतो नजर लागली, चारा खराब आहे, पाणी खराब आहे. तेव्हा पहिला नियम हा, की एका कळपात एक मेंढा दोन वर्षं, फार तर अडीच, त्यापुढं नाही, कारण तेवढ्यात त्याच्या मुली माजावर यायला लागतात. मेंढा चांगलाच असेल तर लांबच्या गावातल्या पाहुण्याशी अदलाबदल करा, शेजाऱ्याशी नको कारण त्याचा मेंढा बहुतेक तुमच्याच कळपातला निघतो.

आता कुठला मेंढा घ्यायचा. मेंढीचं एक बाळंतपण म्हणजे एक कोकरू, पण मेंढ्याचं वर्षभराचं काम म्हणजे पंचवीस-तीस कोकरं. तीस मेंढ्या बदलायला लाखो रुपये लागतील, मेंढा बदलायला त्या मानानं काहीच नाही. म्हणून मेंढ्यावर पैसे घालताना हात आखडता घेऊ नका.

आपल्याकडची मूळ मेंढी दख्खनी. काळी किंवा काळी-पांढरी, काटक, चालायला पटाईत, दुष्काळात तग धरणारी. तिच्यात पण लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे प्रकार सांगतात. तिचा एक प्रॉब्लेम म्हणजे ती एका वेताला जवळजवळ नेहमी एकच कोकरू देते, जुळं क्वचित. दुसरी माडग्याळ, जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाच्या नावाची, उंच, लांब, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, पोपटासारखं बाकदार नाक. तिची कोकरं झपाट्यानं वाढतात, वजन चांगलं येतं. आटपाडीच्या बाजारात देखण्या माडग्याळ मेंढ्याची किंमत ऐकली तर माणूस बसूनच घेतो. पण एक लक्षात ठेवा, हौसेची किंमत वेगळी आणि धंद्याची किंमत वेगळी. नाकाच्या बाकावर लाखभर देणारा दुसरा हौशी सापडला तरच ते पैसे परत येतात, मटणाच्या बाजारात नाकाचे पैसे कुणी देत नाही. साधा, निरोगी, वजनदार माडग्याळ किंवा माडग्याळ क्रॉस घ्या, काम तेवढंच होतं.

तिसरा पर्याय नारी सुवर्णा, आणि याच्यावर जरा सविस्तर सांगतो कारण गैरसमज जास्त यातच आहेत.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं ही जात तयार केली. बंगालच्या सुंदरबनात गरोळ नावाची छोटीशी मेंढी असते, अंगानं एवढीशी, पण जुळी-तिळी देते. तिच्यात एक जनुक आहे, त्याला फेक-बी म्हणतात, आपण जुळ्यांचं जनुक म्हणू. गंमत म्हणजे हेच जनुक ऑस्ट्रेलियातल्या बुरुला मेरिनो मेंढीत पण आहे आणि ते तिथं गेलं असं मानतात आपल्याच बंगालच्या मेंढ्यांमधून, १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून जहाजानं मेंढ्या तिकडं नेल्या होत्या तेव्हा. फलटणला गरोळचं हे जनुक दख्खनीत आणलं, आणि पुन्हा पुन्हा मोठ्या अंगाच्या मेंढ्यांशी संकर करत अंग वाढवत नेलं, म्हणजे जुळी पण होतील आणि कोकरू मांजराएवढं पण राहणार नाही. ज्या मेंढीत या जनुकाची एक प्रत असते ती सरासरी दीडच्या पुढं कोकरं देते, म्हणजे कधी एक, बऱ्याचदा दोन.

आता गैरसमज. लोक जुळ्यांचा मेंढा आणतात, आपल्या मेंढ्यांना लावतात, पाच महिन्यांनी बघतात तर एकेकच कोकरू, आणि मग म्हणतात फसवलं. अहो, जुळं होणार की एकटं हे मेंढीच्या अंड्यांवर ठरतं, मेंढ्यावर नाही. मेंढा कितीही जुळ्यांचा असला तरी तुमच्या आत्ताच्या मेंढीनं एकच अंडं सोडलं तर एकच कोकरू. त्याचा फायदा दिसतो त्याच्या मुलींमध्ये. आज मेंढा सोडला, पाच महिन्यांनी मुलगी जन्मली, ती साधारण चौदा महिन्यांची झाल्यावर लागली, अजून पाच महिन्यांनी व्यायली. म्हणजे दोन वर्षं धीर धरायचा. ज्याला तेवढा धीर नाही त्यानं या वाटेला जाऊच नये.

अजून एक तांत्रिक गोष्ट, पण पैशाची आहे. मेंढ्यात या जनुकाच्या दोन प्रती असल्या, म्हणजे बीबी असला, तर साध्या मेंढीपासून झालेल्या त्याच्या सगळ्या पोरींना एक प्रत मिळणारच. एकच प्रत असली तर निम्म्या पोरींना मिळते, निम्म्या कोऱ्या. दोन्ही मेंढे दिसायला सारखेच, डोळ्यानं कळत नाही, रक्ताची डीएनए टेस्ट करूनच कळतं. म्हणून मेंढा घेताना बीबी आहे याचा टेस्टचा कागद मागा, नुसतं तोंडानं सांगितलेलं धरू नका. आणि पहिल्या मेंढ्याच्या पोरी लागायला आल्या की त्यांना पुन्हा बीबी मेंढा लावू नका, कारण मग निम्म्या नाती बीबी निघतात आणि त्यांना तिळी-चौकडी होते. मेंढीला सड दोन. तिसरं कोकरू कुणी पाजायचं? दुसऱ्या फेरीला त्या पोरींवर चांगला वजनदार माडग्याळ नाहीतर दख्खनी मेंढा सोडा. मग त्यांच्या पोटी येणाऱ्या निम्म्या पोरींत जनुक असतं, निम्म्यांत नसतं, त्यातल्या जुळ्यातून आलेल्या आणि चांगल्या वाढलेल्या ठेवत जायच्या, जमलं तर टेस्ट करून.

आणि आता कोकणात उतरणाऱ्या वाड्यांचं. जो कळप सहा-सात महिने रस्त्यावर असतो, रोज मुक्काम बदलतो, त्यात जुळी कोकरं म्हणजे हाल. घोड्यावर किती कोकरं बांधणार? आणि मेंढी रोज पंधरा किलोमीटर चालून दोघांपुरतं दूध कुठून काढणार? तिथं आपली दख्खनीच बरी, फक्त मेंढा निवडून. माझं हे मत काही जणांना पटत नाही, पण मी रस्त्याकडेला मेलेली कोकरं बघितलीत.

जात ठरली, आता नग बघायचा. वय दातावरून बघा, दोन दाती म्हणजे सव्वा-दीड वर्षाचा, चार दाती दोन वर्षाच्या आसपास. दोन किंवा चार दाती घ्या, दात जुळलेला, म्हणजे सगळे दात आलेला, नको. मागून बघा, दोन्ही अंड सारखे, मोठे, हाताला घट्ट रबरासारखे लागले पाहिजेत, एक लहान एक मोठा किंवा आत गाठ लागली तर किंमत करत बसूच नका. पाय सरळ, खूर बरे, मागच्या पायांत ताकद. तोंड उघडून वरचा-खालचा जबडा जुळतो का बघा. आणि जमलं तर त्याची आई बघा, तिची कास बघा. मेंढा बघायला दहा जण येतात, मेंढ्याची आई बघायला कुणी येत नाही. बाजारापेक्षा थेट कळपातून घेतलेला बरा तो याच्यासाठीच. लोणंदच्या बाजारात मेंढा कितीही देखणा मिळाला तरी त्याची आई काही दावणीला बांधलेली नसते. आणला की वीस-एक दिवस वेगळा बांधा, जंताचं औषध द्या, लसी करा, मग कळपात. हे करायला सगळे कंटाळतात. मग पीपीआर, म्हणजे मेंढ्या-शेळ्यांचा जीवघेणा साथीचा रोग, घरात येतो.

लावायची वेळ. आपल्या मेंढ्या तशा वर्षभर माजावर येतात, पण वळवाचा पाऊस होऊन हिरवं तोंडाला लागलं की जून-जुलैत बहुतेक सगळ्या येतात. तेव्हा लागली तर नोव्हेंबर-डिसेंबरला वेते, तेव्हा रानात चारा असतो, सरमाड-कडबा नवा असतो, दूध चांगलं उतरतं. उलट डिसेंबरला लागली तर मे महिन्यात वेते, आणि मे महिन्यात माणदेशात काय असतं ते सांगायला नको. म्हणून मेंढा बाराही महिने मोकळा सोडू नका. वेगळा बांधा, नाहीतर चरायला जाताना पोटाखाली गोणपाट बांधा, आणि दीड-दोन महिन्यांसाठी सोडा. फायदा असा की सगळी कोकरं एका वयाची येतात, लसी एकदम होतात, आणि व्यापाऱ्याला एकदम पंधरा-वीस नग दाखवले की भाव आपण बोलतो.

मेंढा सोडायच्या दोन-तीन आठवडे आधी मेंढ्यांना रोज पाव किलोच्या आसपास मका भरडा चालू करा, त्यानं माज एकदम धरतो आणि अंडी पण जास्त सुटतात. मेंढ्याची तयारी मात्र दोन महिने आधी करायची. त्याचं वीर्य तयार व्हायला सात आठवड्यांच्या आसपास लागतात, म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हात तो तापला, किंवा त्याला ताप येऊन गेला, तर जूनमध्ये तो नुसता उड्या मारतो, मेंढी काही गाभण राहत नाही. उन्हाळ्यात त्याला सावली, पाणी, खुराक, आणि हंगामाच्या आधी लोकर कातरून घ्या. पंचवीस-तीस मेंढ्यांना एक मेंढा बास.

मेंढी लागली की नाही कळायला जुना सोपा उपाय, गेरू तेलात कालवून मेंढ्याच्या छातीला फासा. ज्या मेंढीवर चढेल तिच्या पाठीला रंग लागतो. मेंढीचा माज सतरा दिवसांनी फिरतो, म्हणून सोळा-सतरा दिवसांनी रंग बदला, निळ नाहीतर काजळी वापरा. पहिला रंग लागला आणि दुसरा लागला नाही म्हणजे बहुतेक गाभण. सगळ्याच मेंढ्यांना दुसरा रंग पण लागत असेल तर दोष नरात आहे, तो लगेच बदला, नाहीतर पूर्ण हंगाम जातो. पहिल्या रंगाची तारीख वहीत लिहा, त्यात पाच महिन्याला दोन-तीन दिवस कमी धरले की वेण्याची तारीख आली.

गाभणपणाचे पहिले साडेतीन महिने नेहमीच्या चरण्यावर भागतं. एवढंच बघा की पहिल्या महिन्या-दीड महिन्यात जंतासाठी अल्बेंडाझोल देऊ नका, पोटातल्या पिल्लाला धोका असतो, डॉक्टरला विचारून दुसरं घ्या. शेवटच्या दीड महिन्यात पोटातलं कोकरू सगळ्यात जास्त वाढतं आणि नेमकी तेव्हाच पोटात चाऱ्याला जागा कमी होते, म्हणून तेव्हा रोज पाव किलो ते चारशे ग्रॅम खुराक पाहिजे. जुळी असलेली मेंढी या दिवसांत अचानक खायची बंद झाली, कळपातून मागं राहिली, आंधळ्यासारखी भिंतीला धडकली, तर ती उपाशी पडून साखर उतरल्याची लक्षणं आहेत. गुळाचं पाणी पाजा आणि तसंच डॉक्टरला बोलवा, उद्यावर टाकू नका. वेण्याच्या महिनाभर आधी आंत्रविषारची लस दिली की चिकातून कोकराला पण थोडे दिवस संरक्षण मिळतं. कुठली मेंढी गाभडली तर तो गर्भ आणि वार हातमोजे घालून खोल पुरा, कुत्र्याला टाकू नका, गाभडायला लावणारा ब्रुसेला रोग माणसाला पण होतो.

आता मी सगळ्यात जास्त जोर जिथं देतो ते, कोकरू जगवणं. पहिल्या तासात चीक पोटात गेला पाहिजे. लोक म्हणतात वार पडल्याशिवाय पाजायचं नाही, हे डोक्यातून काढा. सड पिळून आधी चीर मोकळी करा, दोन धारा टाकून द्या, आणि कोकराला तोंडाला लावा. जुळ्यात एक नेहमी दांडगं असतं, ते दोन्ही सड ओढतं, दुसऱ्याला धरून पाजावं लागतं. नाळेला आयोडीन लावा. थंडीत मेंढी बाहेर व्यायली असेल तर कोकरू पुसून कोरडं करून बोचक्यात ठेवा, ओलं कोकरू डिसेंबरच्या रात्री सकाळ बघत नाही. दूध कमी पडतंय तर आपली जुनी माणसं खांडात, म्हणजे कळपात, चार शेळ्या ठेवायची त्या याच्यासाठीच, पोरक्या कोकराला शेळी धरून पाजायची. दोन-तीन शेळ्या असू द्या, त्यांचा खर्च एका हंगामात निघतो.

तीन आठवड्यांपासून कोपऱ्यात लाकडी पट्ट्यांचं एक छोटं कुंपण करा, कोकरू आत जाईल पण मेंढी जाणार नाही एवढी फट ठेवा, आत भरडलेला मका, थोडी शेंगदाणा पेंड आणि मेथीघास-हादग्याचा पाला. दुधाचा भार मेंढीवरून कमी होतो आणि कोकरू तीन महिन्यांत दुधावरून तोडता येतं. लवकर तुटलं की मेंढी लवकर परत माजावर येते. खायला घालायची ऐपत असेल तर दोन वर्षांत तीन वेत बसतात, नसेल तर वर्षाला एकच नीट घ्या, उगीच मेंढी मोडू नका.

हिशोब मांडून बघू, भाव मी धरलेले आहेत, तुमच्या बाजारातले घाला. तीस मेंढ्या, त्यातल्या सव्वीस व्याल्या, एकेक कोकरू, चार मेली, बावीस राहिली, पाच पाठीमागं ठेवायला, सतरा विकली ७,००० नं, झाले १,१९,०००. आता समजा सगळ्या मेंढ्या जुळ्यांच्या जनुकाच्या आहेत. सव्वीस वेतांची दीडनं एकोणचाळीस कोकरं, जुळ्यात मर जास्त म्हणून सात मेली धरू, बत्तीस राहिली, पाच ठेवली, सत्तावीस विकली, पण जुळं जरा हलकं भरतं म्हणून ६,३०० धरू, झाले १,७०,१००. तीस मेंढ्यांना वेण्याआधी दीड महिना आणि नंतर दीड महिना रोज ३०० ग्रॅम मका म्हणजे ८१० किलो, २५ रुपयानं २०,२५० वजा. राहतात १,४९,८५०. म्हणजे तीसच मेंढ्यांत तीस हजारांच्या वर फरक. पण वर्षाला पाचच पोरी ठेवत गेलात तर सगळा कळप बदलायला सहा-सात वर्षं लागतात हे पण बघा. आणि याच हिशोबात वरचीच ओळ परत वाचा, साध्या कळपात चार ऐवजी दोनच कोकरं मेली असती तरी १४,००० तिथल्या तिथं, कुठल्याही जनुकाशिवाय, या वर्षीच.

लोकरीचं या हिशोबात काही धरलं नाही, कारण घोंगडीवाला कुणी बांधलेला नसेल तर कातरायची मजुरी पण निघत नाही. लेंडी खत मात्र धरा, आणि शेतात मेंढरं बसवायचे पैसे पण.

यासाठी वही लागते. कानात नंबरचा बिल्ला, शंभर पानी वही, प्रत्येक मेंढीला एक पान. कधी लागली, कधी व्यायली, किती झाली, तीन महिन्यांनी किती जगली आणि एकूण किलो किती. ताणकाटा घ्या, कोकरू पोत्यात घालून लटकवलं की झालं. दोन वर्षांनी वही उघडली की कळतं, जी मेंढी आपल्याला लाडकी वाटत होती तिनं दोन वर्षांत एक कोकरू दिलंय आणि कोपऱ्यातली ती दुर्लक्षित काळी दर वेळी तीसेक किलो कोकरं देऊन जाते. त्या काळीच्या पोरी ठेवायच्या. दोन हंगाम कोरी गेलेली, कास दगड झालेली, दात पडलेली, अंग बाहेर टाकणारी, या सगळ्या पावसाळ्याआधी विका, गाभण असल्या तरी त्यांच्या पोरी ठेवू नका.

आणि व्यापारी यायच्या आदल्या दिवशी ठेवायची कोकरं वेगळी काढून घराच्या मागं बांधा. त्याच्या नजरेलाच पडू देऊ नका, कारण त्यानं आकडा सांगितला की आपण विरघळतो. आमच्याकडं हे काम आता आईकडं आहे, ती वही बघून नंबर सांगते, आम्ही बांधतो, आणि व्यापारी विचारतो ती लाल टिळ्याची कुठाय तर ती सांगते चरायला गेली.

योजनेतून मेंढ्या घेणाऱ्यांसाठी. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत धनगर समाजाला वीस मेंढ्या आणि एक मेंढा असा गट ७५ टक्के अनुदानावर मिळतो, अर्ज ऑनलाइन असतो. मोठं करायचं असेल तर राष्ट्रीय पशुधन अभियानात शंभर माद्या आणि पाच नर इथून पुढं ५० टक्के अनुदान आहे. दोन्हीकडं गट ताब्यात घेताना तिथल्या तिथं दात बघा, अंड बघा, मेंढा त्याच वीस मेंढ्यांचा भाऊ नाही ना विचारा, आणि विम्याचा बिल्ला कानात बसल्याशिवाय सही करू नका.